माळावरच्या चपला

चप्पल पुढून झिजली होती. सहसा ती टाचेखाली झिजते, बाहेरच्या कडेला थोडी जास्त, कारण माणूस आधी टाच टेकवतो आणि मग पाऊल पुढे सोडतो. ही निळ्या पट्ट्याची, बाईच्या डाव्या पायातली रबरी चप्पल होती. टाचेवरची नक्षी अजून नव्यासारखी शाबूत होती. पुढचं टोक मात्र तिरकं घासून कागदाइतकं पातळ झालं होतं. घालणारीने पाऊल टेकवलंच नसावं, नुसतं फरफटत नेलं असावं.

मी ती उचलायला वाकले.

"हात लावू नका, म्याडम."

निवृत्ती, माझा ड्रायव्हर, गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. इंजिन तापलं म्हणून आम्ही माळावर थांबलो होतो. समोर कारखान्याची पांढरी इमारत दिसत होती, मागे दूरवर गाव.

"का हो?"

"दिलेली हाय ती."

"कुणाला?"

त्याने बाटलीतलं पाणी बेताबेताने ओतलं, झाकण लावलं आणि मग म्हणाला, "आसरांना."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता हे मला माहीत होतं. माझ्या आजोळी विहिरीच्या काठावर त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड होते. पण इथे चहूकडे तडकलेली पांढुरकी जमीन, तरवडाची झुडपं आणि दोन-चार बाभळी एवढंच होतं.

"इथे पाणी कुठंय?"

"व्हतं की. तुमी उभ्या हाय ते तळंच. पाणी गेलं. त्या कुठं जातील?"

मग मला बाकीच्या दिसल्या. कारखान्याच्या फाटकापासून गावाकडे जाणाऱ्या पायवाटेवर, एक इथे, एक तिथे, चपला पडल्या होत्या. काही मातीने पांढऱ्या पडलेल्या, काही ताज्या. जोड एकही नव्हता. सगळ्यांची टोकं गावाकडे होती.

"चालताना वहाण सुटली तर मागं बघायचं न्हाय," निवृत्ती म्हणाला. "मागं बघितलं की धरून ठेवत्यात."

"तुमची कधी सुटली?"

"माझी न्हाय सुटत. बायकांचीच सुटती. कंपनीतल्या." त्याने बॉनेट आपटलं. "बसा. उशीर झाला तर सायेब आधी मला बोलतील. आसरांचा नंबर नंतर."

याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा एका तपासणी संस्थेत काम करत असे. मोबाइल फोन विकणाऱ्या परदेशी कंपन्या ज्या लहान कारखान्यांकडून सुटे भाग घेतात, तिथे कामगारांना कसं वागवलं जातं, हवा-पाण्याचं काय होतं, हे पाहून कळवायचं. मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून काचेचे कारखाने माझ्या वाट्याला येत. इथे फोनच्या पडद्यावर बसणारी काच तयार होत असे. आम्ही येणार हे आठवडाभर आधी कळवण्याची पद्धत होती. ती पद्धत कुणाच्या सोयीची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

व्यवस्थापक शिरोडकरांनी दारातच हात जोडले. "या, या. आमची परीक्षा घ्यायला आलात, आधी चहा घ्या. म्हणजे पेपर सोपा काढाल."

"पेपर नेहमी तोच असतो," मी म्हटलं.

"मग पास!" ते मोकळेपणी हसले. मला ते आवडले. आजही मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही.

त्यांच्या खोलीत भिंतीवर पाणीबचतीसाठी मिळालेली ढाल होती. त्यांनी ती खाली काढून माझ्या हातात दिली. पूर्वी काचा पाण्याने धूत. कारखान्याने तळ्याच्या पोटात बोअर घेतल्या होत्या आणि तळं आटलं, तेव्हा गाव खवळलं. मग त्यांनी कोरडी सफाई सुरू केली. पातळ द्रावणात भिजवलेल्या कापडाने काच पुसायची, पाणी नाही. बोअरचं पाणी गावच्या नळाला जोडून दिलं.

"एक थेंब वापरत नाही आम्ही. गाव खूश, आम्ही खूश, परदेशी पाहुणे तर टाळ्या वाजवतात."

"आणि हवा?"

"तीसुद्धा वाया घालवत नाही. आतलीच हवा गाळून पुन्हा आत. वीज जवळजवळ निम्मी झाली."

धूळ गाळणारी जाळी वाफ गाळत नाही. हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणावं असं अजून काही हाती नव्हतं.

पुसाईची खोली लांबट होती. खिडकी एकही नाही. पांढरा प्रकाश, पांढऱ्या भिंती, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या झग्यात डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या बायका. फक्त डोळे दिसत. इंजेक्शन देण्याआधी दंडावर चोळतात त्या स्पिरिटचा वास येत होता. मी डब्यातला एक थेंब काचेवर टाकून पाहिला. तो कडेकडून आत, सावकाश आटला. स्पिरिट तसंच आटतं. डब्यावर लिहिलेलं आणि डब्यातलं जुळत होतं.

मी बायकांना एकेक करून विचारलं.

"काही त्रास?"

"काही त्रास नाही."

"हातापायांना?"

"काही त्रास नाही."

प्रत्येक जणी तेच तीन शब्द म्हणत होती, "काही"नंतर तेवढंच थांबून. चौथी-पाचवीनंतर ते मला एकाच तोंडातून येतंय असं वाटू लागलं. मी विचारणं थांबवलं आणि हात पाहू लागले.

हात चुकत होते. बाई काच पुसायची आणि त्याच झटक्यात तिच्यावर दुसरी ठेवायची. खालची काच अजून ओली असे, त्यामुळे दोन्ही चिकटत. ती गोंधळून बघे, नखाने त्या सोडवी, पुन्हा पुसे, आणि पुन्हा तशीच लगेच ठेवी. शेजारणीचंही तेच. सगळ्या रांगेत तेच. वर्षानुवर्षं सरावलेले हात, आणि स्पिरिटला वाळायला क्षणभर द्यावा लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. ते हात ज्या द्रावणाला ओळखत होते, ते पुसता पुसता उडून जाणारं होतं. आज या डब्यांत ते नव्हतं.

रांगेची प्रमुख चंद्रकला नावाची बाई होती. चाळिशीची, रुंद खांद्यांची. कामगारांच्या समितीवरही तीच होती. मी तिला विचारलं, "ताई, रोज हेच द्रावण असतं?"

"हेच, हेच," शिरोडकर मागून म्हणाले.

चंद्रकलाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बघू," ती म्हणाली.

माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. शिरोडकरांना हसू आलं. "आमच्या ताईंचं पालुपद आहे ते. जेवलात का विचारा, 'बघू' म्हणतील."

पाळी सुटायच्या वेळी मी निवृत्तीला गाडी पुढे गावात न्यायला सांगितलं आणि बायकांबरोबर पायी निघाले. शिरोडकर फाटकापर्यंत आले. "अहो मॅडम, धूळ आहे, साप निघतात."

"साप चालतात मला," मी म्हटलं.

सूर्य आमच्या पाठीमागे कलला होता आणि सावल्या पुढे पडल्या होत्या. बायका एकामागे एक चालत होत्या. कामावरून सुटलेल्या बायका कधी गप्प चालत नाहीत. या गप्प होत्या. पुढच्या दोघी-तिघी नव्या पोरी तेवढ्या काहीतरी खुसखुसत होत्या.

बाकीच्यांच्या चालण्यात काय चुकतंय हे कळायला मला थोडा वेळ लागला. त्या गुडघा उंच उचलत. पाऊल खाली लोंबतं ठेवून पुढे टाकत, आणि ते सपाट आपटे. थप्प. मग दुसरा गुडघा वर. थप्प. नदी ओलांडताना मांडीएवढ्या पाण्यात माणूस असा चालतो. पाऊल आधी पाण्यातून वर काढतो, मग पुढे टाकतो. आटलेल्या तळ्याच्या तळावर, कोरड्या ठणठणीत मातीत, त्या सगळ्या जणी पाण्यातून चालाव्यात तशा चालल्या होत्या. धूळ त्यांच्या घोट्यांशी उडत होती आणि पुन्हा बसत होती.

क्षणभर मी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. ते कोरडेच होते.

माझ्यापुढे एक सडपातळ तरुण बाई होती. तिच्या पायातली चप्पल मागे राहिली. ती पुढे गेली. एक पाय चपलेत, एक अनवाणी, खाली खडे होते, पण तिच्या चालीत काडीचा फरक पडला नाही. तिच्यामागच्या बायका चपलेला बगल देऊन पुढे सरकल्या. ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालतं, तसंच.

मी चप्पल उचलली. रबर अजून कोमट होतं.

"अहो ताई, तुमची चप्पल!"

सगळी रांग जागच्या जागी थांबली. पण मान कुणीच वळवली नाही. त्या पाठमोऱ्या रांगेकडे मी पाहत राहिले.

"ठेवा ती खाली," माझ्या शेजारून चंद्रकला म्हणाली. ती सगळ्यांच्या शेवटी चालत होती, अनवाणी, आणि तीही समोरच बघत होती.

"त्यांची आहे ती."

"व्हती."

मी पुढे जाऊन त्या तरुण बाईसमोर उकिडवी बसले. तिचं नाव लंका. चंद्रकलाची धाकटी जाऊ. मी तिच्या अनवाणी पायाचा अंगठा चिमटीत धरला.

"कळतंय का?"

"काय?"

"मी अंगठा धरलाय तो."

तिने वाकून पाहिलं. मग म्हणाली, "हां. कळतंय की."

"आता डोळे मिटा."

तिने मिटले. मी चिमूट आणखी घट्ट केली. "आता?"

ती थोडा वेळ थांबली. कान देऊन ऐकल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. मग खात्रीने म्हणाली, "आता सोडलंत."

मी सोडलं नव्हतं. माझ्या नखाचा अर्धचंद्र तिच्या कातडीत उमटला होता. लंकाच्या मागच्या बायका आता पाहत होत्या. कुणी "अगं बाई" असंसुद्धा म्हणालं नाही. लंकाने डोळे उघडले, माझी बोटं पाहिली आणि पाय मागे घेतला.

गावाच्या तोंडाशी नळ होता. बायका पांगल्या, काही जणी हंडे घेऊन परत आल्या. चंद्रकला नळाजवळच्या दगडावर टेकली. मी तिच्याशेजारी बसले.

"तुम्ही चप्पल घालत नाही?"

"नवस बोललेय. लंकीचं पाय सुटंस्तवर वहाण घालायची न्हाय. पोरगी उंबऱ्याला अडखळून पडती. परवा लेकराला कडंवर घेऊन पडली." तिने माझ्याकडे न पाहता सांगितलं. "मीच चिकटवली तिला कंपनीत. सासूबाई नको म्हणत व्हत्या."

तिने पाय समोर पसरले. तेव्हा मला उजव्या टाचेत काहीतरी पांढरं दिसलं.

"ताई, काटा गेलाय तुम्हाला."

"कुठं?"

तिने डाव्या पायाचा तळवा वर केला. मी उजव्याकडे बोट दाखवलं. बाभळीचा होता, चांगला जाड, पार आत शिरलेला. भोवतालचं रक्त वाळून काळं पडलं होतं. म्हणजे आजचा नव्हता. तिने तो दोन बोटांत धरून उपसला. तोंडातून स्ससुद्धा निघालं नाही. तळहातावर ठेवून ती त्या काट्याकडे बघत राहिली. किती लांब आहे ते डोळ्यांनी मोजत असावी.

नळाची धार हंड्यात पडत होती.

"नवस नाही ना तुमचा?" मी हळू विचारलं. "चप्पल राहतच नाही पायात."

तिने हनुवटीने नळ दाखवला.

"ह्यो नळ मी आणलाय. विहिरी तळाला गेल्या तवा कंपनीच्या फाटकावर हंडे घेऊन बसलो आमी. सगळ्यांत फुडं मी. सायेब म्हणाले, बिगरपाण्याची पुसायची तऱ्हा हाय, पर बायका लागतील, गावातल्याच घेऊ. पाणी मिळालं आन कामबी. लोकांनी माझी मिरवणूक काढायचीच बाकी ठेवली व्हती." तिने काटा पदराच्या टोकात गुंडाळला. "आता त्याच त्वांडानं काय म्हनू?"

मी तिला सांगितलं. शक्य तितकं साधं सांगितलं. असं एक द्रावण असतं, हेक्झेन नावाचं. स्वस्त, आणि फार लवकर उडणारं. बंद खोलीत त्याची वाफ रोज श्वासात गेली की नसा मरत जातात. सगळ्यांत लांबच्या नसा आधी, म्हणून पायाच्या बोटांपासून सुरुवात. आधी मुंग्या, मग काहीच नाही. मग पाऊल उचलेनासं होतं, टोक घासत जातं, चप्पल निसटली तरी कळत नाही. काम थांबवलं तर बहुतेकींचं परत येतं. आधी काही दिवस उलट वाढतं, मग महिनोन्‌महिने सावकाश उतरतं. काहींचं पूर्ण येत नाही.

"म्हंजी आसरा न्हाईत म्हणता."

"तसं नाही म्हणत. पाय त्यांनी धरलेले नाहीत एवढंच."

तिच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी येऊन गेलं.

"आज डब्यांत दुसरंच भरलं होतं," मी म्हटलं. "मला दिसलं, पण दाखवता येणार नाही. मी गेले की जुने डबे परत येतील. उद्या शेवटची बैठक आहे, तुम्ही असालच. कुणीतरी तिथे बोलायला हवं."

लंका हंडा घेऊन आली. तो भरला, डोक्यावर घेतला आणि ती निघाली. गुडघा वर, थप्प. गुडघा वर, थप्प. पाणी हिंदकळून तिच्या पाठीवर सांडत होतं. आम्ही दोघी ती वळणाआड जाईपर्यंत बघत होतो.

"बघू," चंद्रकला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत गालिचा होता आणि टेबलावर पाण्याच्या सीलबंद बाटल्या. शिरोडकर होते, त्यांचे दोन सहकारी होते. चंद्रकला दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. कामगारांतर्फे शेवटी "काही तक्रार नाही" म्हणायचं, एवढंच तिचं काम असे.

मी जे पाहिलं ते सांगितलं. चिकटणाऱ्या काचा, बंद हवा, पाय. शिरोडकर शांतपणे ऐकत होते. रागावले नाहीत.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. समजा, समजा हं, तुम्ही म्हणता तसं आहे. मग आम्ही काय करायचं? स्पिरिटने एवढा माल निघत नाही, काल तुम्हीच पाहिलंत. पुन्हा पाण्याने धुवायला लागायचं? लागतो. बोअर आमच्याच आहेत. त्यांचं पाणी कारखान्यात वळवतो."

ते चंद्रकलाकडे वळले. आवाज अगदी घरगुती होता.

"ताई, तुम्हीच हंडे आणले होते ना फाटकावर? मॅडमना सांगा. नळ बंद झाला तर गाव काय म्हणेल? सगळ्यांत आधी कुणाला म्हणेल?"

मी तोंड उघडलं. पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येतं, वाफ ओढून घेणारी यंत्रं असतात, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण प्रश्न मला विचारलेला नव्हता.

चंद्रकला उठली. गालिच्यावरून टेबलाकडे आली, गुडघा उंच उचलत, पाऊल लोंबतं ठेवून. गालिच्यावर थप्प असा आवाज झाला नाही. तो न झाल्यामुळेच बहुधा तिघेही तिच्या पायांकडे पाहू लागले. ते तर रोज तिला पाहणारे लोक होते. शिरोडकरांनी अभावितपणे आपले बूट खुर्चीखाली ओढून घेतले.

तिने पदराची गाठ सोडली आणि काटा टेबलावर ठेवला.

"ह्यो माझ्या टाचंत व्हता. मला ठावं नव्हतं."

कुणी हात लावला नाही.

"आज येताना मी माळावर मागं वळून बघितलं," ती म्हणाली. "पयल्यांदाच. कुणी न्हवतं. नुसत्या चपला व्हत्या. आमच्याच."

"ताई, बसा आधी," शिरोडकर म्हणाले. "पाणी प्या. एवढी घाई कशाला? सगळ्या बाजूंनी विचार करू. आपण बघू."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. काल नळावर होती तशीच ती दिसत होती. फक्त टेबलाच्या कडेवर टेकलेली तिची बोटं पांढरी पडली होती.

"बघून झालं, सायेब. नळ बंद करू देणार न्हाय. पायबी देणार न्हाय. काचा कशानं पुसायच्या ते तुमचं तुमी हुडका. उद्यापासनं आमी पुसणार न्हाय."